सायकलवरची छोटी सीट

भातं कापून झाली की आमच्या शिवाराचा रंग आठवड्याभरात उतरतो. काल भरलेली खाचरं आज उघडी पडतात आणि त्यांतले खुंट अनवाणी पायाला टोचतात. बांधावर भारे, खळ्यात रचलेल्या उडव्या, आणि साऱ्या वाडीवर पेंढ्याचा तो वास, थोडा गोड, थोडा घशात बसणारा. झोडणीचा आवाज सकाळपासून चालू असतो. लाकडावर भारा आपटला की दाणे उडतात आणि कोंबड्यांना हाकलून हाकलून बायका दमतात.

मग एक दिवस नव्या तांदळाचा भात शिजतो. नवा तांदूळ चिकट होतो, त्याचा गोळा बसतो, पण त्याच्या वाफेला जो वास असतो तो पुढे वर्षभर येत नाही. सुमन, माझी बायको, तो भात माझ्या ताटात वाढते आणि माझा हात दरवर्षी क्षणभर थांबतो. तिला कारण माहीत आहे. ती कालवणाची वाटी पुढे सरकवते आणि आपल्या ताटाकडे बघत राहते. यंदाही तसंच झालं. त्या सुगीला आता सतरा-अठरा वर्षं होऊन गेली. त्या सुगीत आमची सुजाता सायकलच्या छोट्या सीटमध्ये मावेनाशी झाली, आणि ती वाढू नये असं आम्हाला, तिच्या आईबापांना, वाटू लागलं.

मी खालापूरला एका सरकारी कचेरीत कारकून. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. हे सांगताना अजूनही संकोच वाटतो, कारण त्यात माझं थोडं आणि दुसऱ्यांचं जास्त. वडील लवकर गेले. आईने लोकांच्या खाचरांत लावणी करून मला वाढवलं, एका मास्तरांनी हाताला धरून बोर्डिंगात नेऊन घातलं, आणि बोर्डिंगाने जेवूही घातलं, शिकवलंही. धर्म बदलला त्या वर्षी आई फार काही बोलली नव्हती. घरातल्या जुन्या तसबिरी उतरवून ठेवताना एवढंच म्हणाली होती, "आता पोरांनी शिकायचं. बाकी काय मागू नका."

म्हणून सुजाता झाली तेव्हा ती शिकणार हे आमच्यात कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते ठरलेलंच होतं. दोन वर्षांची असताना तिला ताप आला. ताप उतरला तेव्हा डावा पाय आणि त्या बाजूच्या कमरेतली ताकद त्याच्याबरोबर गेली होती. धरून ठेवलं तर उभी राहायची, सोडलं की कापडासारखी खाली बसायची. आमच्या वाडीत शाळा नव्हती. वाडीतली मुलं खालापूरला तीन मैल चालत जायची. एस.टी. मैलभर लांबच्या मोठ्या रस्त्याने जायची, आणि तीही शाळेच्या वेळेला नाही. बाकीच्या मुलांची शाळा सुटली तर निदान मजुरी होती. सुजाताला मजुरीही नव्हती. खाचरात ती उभी राहू शकत नव्हती, डोक्यावर हंडा घेऊ शकत नव्हती. तिच्या हाताला लागण्यासारखी एकच गोष्ट होती, पाटी. ती गेली तर पोर ओटीवर बसून म्हातारी होणार, हे मला लख्ख दिसत होतं.

खालापूरच्या नाक्यावर दाऊदचाचांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचे खाडीकडचे, बोलणं मोठं आणि हात हलका. मी माझी अडचण सांगितली तेव्हा त्यांनी सुजाताला उचलून आपल्या स्टुलावर बसवलं, तिची कमर, तिचा पाय नीट पाहिला, आणि एका मोडक्या सायकलची मुलांची सीट काढून माझ्या सायकलच्या दांडीवर बसवायला घेतली. तिला मागून लोखंडी पट्टीची पाठ जोडली. खाली पाय ठेवायला दोन पाट्या केल्या आणि डाव्या पाटीला चामड्याचा पट्टा लावला, पाय लोंबून चाकात जाऊ नये म्हणून.

"बसा महाराणी. तुमचा बाप आजपासून घोडा."

"घोडा नाय, सायकल हाय," सुजाता म्हणाली.

"बघा भाऊसाहेब, आताच चूक काढते. शिकल ही."

ती दोन वर्षं. काही वर्षं माणसाच्या आयुष्यात अशी येतात की ती चालू असताना तो फक्त वेळेत पोचायच्या घाईत असतो. माझ्या हनुवटीखाली तिचं डोकं, खोबरेल तेलाचा वास, दोन्ही मुठी हँडलच्या मधोमध. घंटा वाजवायचं काम तिचं. समोर कुणी नसलं तरी वाजवायची. वाटेतल्या ओढ्याच्या मोरीवर म्हशी आडव्या आल्या की त्यांना बाईंच्या आवाजात सांगायची, "रांगेत उभ्या राहा बघू." पाढे म्हणत आम्ही चढ चढायचो. सतराच्या पाढ्याला माझा दम लागायचा आणि ती मागे न वळता म्हणायची, "बाबा, तुमचं चुकलं." शाळा कचेरीच्या समोरच होती. मी तिला उचलून वर्गात बसवायचो, दुपारी शाळा सुटली की शिपाई तिला आणून कचेरीच्या व्हरांड्यात बसवायचा, आणि मी सुटेपर्यंत ती तिथे खडूने फरशीवर गणितं करायची.

मूल वाढतं तेव्हा आईबाप दाराच्या चौकटीवर खूण करतात म्हणे. आमच्या घरी खुणा दुसरीकडे उमटल्या. आधी तिचा भांग माझ्या हनुवटीला लागू लागला. मग मोरीजवळच्या वळणावर हँडल पूर्ण वळेना, कारण तिचा गुडघा मध्ये येत होता. मग पट्टा एका भोकाने सैल करावा लागला, मग दुसऱ्या. त्या वर्षी दिवाळीच्या आधी सुमनने तिच्या फ्रॉकची दुमड उसवली, आणि मला न दाखवता तो घडी करून ठेवून दिला. मी तो पाहिला आणि पुन्हा तसाच ठेवला.

शेवटी एकदा खळ्यात भारे रचताना सुमनच म्हणाली, "आवो, पोरीचं गुडघं निळं झाल्यात. हँडलला घासून."

"पाहिलं मी."

"मग आता?"

"बघू. सुगी होऊ दे."

"सुगी झाल्यावर ती बारीक होनार हाय का?"

मी खालापुरात खोली बघायला गेलो होतो, हे तिला सांगितलं नव्हतं. चार ठिकाणी गेलो. आधी नाव विचारत, मग आडनाव, मग गाव, मग घरमालकाला आठवे की पाहुणे येणार आहेत. एकाने तर चहाही पाजला आणि मग पाहुणे सांगितले. आईला आणि अर्ध्या एकराच्या खाचराला टाकून जायचं हेही सोपं नव्हतं, पण ते मी केलं असतं. खोलीच मिळाली नाही.

मग दाऊदचाचांनी मागच्या कॅरिअरवर वेताची छोटी खुर्ची बांधून दिली. चाकाला जाळी लावली, कमरेला पट्टा लावला. म्हणाले, "माझं मन नाय मानत, भाऊसाहेब. तुमची नजर पुढं, पोरगी मागं."

त्यांचं मन बरोबर सांगत होतं. दुसऱ्याच दिवशी परत येताना मोरीजवळच्या खड्ड्यात चाक आपटलं आणि खुर्ची एका अंगाला कलली. सुजाताच्या कमरेत तोल सावरायची ताकद नव्हती. ती पट्ट्याला तिरकी लटकली. आणि मला, तिच्या बापाला, वाटलं सायकलच जड चालतेय. मी पायांत आणखी जोर लावला. समोरून भारा घेऊन येणारी बाई ओरडली तेव्हा मी थांबलो. सुजाताचं कोपर सोलून निघालं होतं, गालाला माती होती.

"का गं, हाक का नाय मारलीस?"

ती हुंदका गिळत म्हणाली, "तुमाला वाटलं असतं, मला मागं बसता येत नाय."

त्या संध्याकाळी सुमनने खुर्चीची दोरी विळ्याने कापली. मी सुजाताला पुन्हा पुढच्या छोट्या सीटवर बसवू लागलो. गुडघ्यांना जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळायच्या आणि वळणावर खाली उतरून सायकल हाताने वळवायची. आठवड्याभरात दांडी करकरू लागली. मी तिला घेऊन दुकानात गेलो. दाऊदचाचांनी दांडीखाली बोट फिरवलं.

"हिला आधी एकदा वेल्डिंगचा डाग दिलेला हाय. पोरगी आहे तेवढी राहिली तर चालंल. अजून दोन-चार किलो वाढली की हा जोड सुटंल, सांगून ठेवतो." आणि मग माझा चेहरा बघून ते वातावरण हलकं करायला सुजाताकडे वळले. "महाराणी, आता जास्त जेवू नको हां."

आम्ही तिघंही हसलो. सुजाता सगळ्यांत मोठ्याने.

त्या रात्रीपासून तिने ताटावर हात आडवा धरायला सुरुवात केली. नव्या तांदळाचे पहिले दिवस होते. एरवी ती भात नुसता, मीठ लावून खायची. आता दोन घासांनंतर हात आडवा. "पुरे. पोट भरलं." सकाळी भाकरीचा चतकोर. शाळेतला डबा अर्धा परत. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं, आणि का तेही कळलं.

मी तोंड उघडलं नाही.

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो आहे, आणि ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी बोर्डिंगात भूक पाहिली होती. मला तिची चाल ठाऊक होती, आधी चिडचिड, मग गप्प बसणं, मग डोळ्यांखालची ती सावली. माझ्या घरात तेव्हा कणगी भरलेली होती. आईने जन्मभर दुसऱ्यांची कणगी भरताना पाहिली होती, ती आता आमची स्वतःची भरली होती. आणि मी मनाशी म्हणत होतो, मुलं कधी खातात, कधी नाही खात. एका सकाळी चढावर सायकल जरा हलकी लागली. खरंच लागली की मला तसं वाटलं, कोण जाणे. पण मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला नीट आठवतं.

सुमननेही वाढणीचा हात आखडता घेतला. आम्ही दोघं याविषयी एक शब्द बोललो नाही. नवरा-बायको कधी कधी न बोलता एकाच पापात उभे राहतात. एकदा पातेल्यात भात उरला. तो तिने कोंबड्यांना टाकला, पोरीला विचारलं नाही. मी ओटीवरून पाहत होतो. तिलाही माहीत होतं मी पाहतोय.

पोरीचं नाव मी ठेवलं होतं. तपाने हाडं वर आलेल्या तथागतांच्या हातात खिरीचं पात्र देणारी ती सुजाता. मोठ्या हौसेने ठेवलं होतं, बारशाला आलेल्या लोकांना ती गोष्ट सांगितली होती. त्या सुगीत मला तिच्या नावाने हाक मारायची लाज वाटू लागली. मी नुसतं "ए पोरी" म्हणायचो.

दोन-अडीच आठवडे असे गेले. मग एका रविवारी दुपारी आईने नव्या भाताचे पोहे कांडले. गूळ घालून मूठभर सुजातापुढे केले. मी खळ्यात पेंढा रचत होतो. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मूठ तशीच मिटलेली.

"आरं, पोर पोहं नको म्हनती."

"नसेल भूक, आय."

"भूक नाय? वास आला तवा तिच्या तोंडाला पानी सुटलं, मी बघितलं. मला म्हनती, 'आजी नको गं, मी जड होईन. मग बाबांची सायकल मोडंल.' कुनी सांगितलं तिला ह्ये?"

"कुणी नाही. दाऊदचाचा थट्टेत बोलले."

"त्यानं थट्टा केली. तू काय केलंस?"

मी पेंढ्याची पेंडी हातात धरून उभा राहिलो.

"आमच्या घरात नव्हतं तवा नव्हतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "तुला उपाशी निजवलं मी, व्हय. पन घरात ठिवून नाय निजवलं. तुमी घरात असून पोरीला उपाशी ठिवता रं?"

"आय, तसं नाय ते. शाळेत न्यायचं कसं, हाच प्रश्न—"

"मग कसं हाय? सांग की. तू शिकलेला हाईस."

तिने मूठ उघडली. पोहे तळहाताला चिकटले होते. ते तिने माझ्या हातात दिले आणि ती घरात गेली.

संध्याकाळी आम्ही सुजाताला समोर बसवून जेवायला घातलं. सुमन घास करून देत होती आणि डोळ्यांना पदर लावत होती. सुजाता खात नव्हती. शेवटी तिला रडू फुटलं. "मग शाळंत कोन नेल? मी जेवले तर मला कोन नेल?" सात वर्षांच्या मुलीने सगळा हिशेब स्वतःशी मांडला होता, आणि त्यात तिला एकच गोष्ट कमी करता येण्यासारखी सापडली होती.

"मी नेईन," मी म्हणालो. "पाठीवर."

तीन आठवडे मी तिला पाठीवर घेऊन चालत नेलं. कचेरीत उशीर व्हायचा, बोलणी खायचो. वरिष्ठ तसे वाईट नव्हते. त्यांनीच एकदा मला बाजूला घेऊन पत्ता दिला. मुंबईजवळ अपंग मुलींसाठी वसतिगृहाची शाळा होती, तिथे पायाला कॅलिपर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आधार, लावून चालायलाही शिकवत. दुसऱ्या सहामाहीला एक जागा होती. मी ज्या दारातून माणसात आलो तेच दार माझ्या मुलीपुढे उघडत होतं, मला कृतज्ञ वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण सुमनला सांगताना माझे शब्द अडखळले. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे आता ती वाढंल, पन आपल्याला दिसनार नाय."

तसंच झालं. सुट्टीला ती यायची तेव्हा एकदम वितीने वाढलेली असायची. आवाज बदललेला, बोली बदललेली, 'नाय'चं 'नाही' झालेलं. एकदा आली तर कुबड्या होत्या, पुढच्या खेपेला एकच होती. चौथीची, सातवीची, मॅट्रिकची सुजाता आम्ही अशी तुकड्यातुकड्यांनी पाहिली. मधली कुणी दुसऱ्यांनी पाहिली. तिची पहिली पावलं दोनदा झाली, आणि दुसऱ्या वेळी आम्ही तिथे नव्हतो.

आता ती कल्याणला एका कचेरीत टायपिस्ट आहे, मैत्रिणीबरोबर राहते. यंदा दिवाळीला आली होती. जेवताना एकदम हसून म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या ताटाकडे असं बघता ना, घास उतरत नाही मला." सुमन उठून आत गेली. मी धीर करून विचारलं, "तुला आठवतं का गं ते?" तिने बराच वेळ भात कालवला.

"मला पुढे बसायला आवडायचं, बाबा. पुढून सगळं आधी दिसतं." मग म्हणाली, "तुम्ही अजून तेच घेऊन बसलात?"

तिने माफ केलं की तिला तो विषयच नको होता, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पुन्हा एकदा मी तोंड उघडलं नाही.

त्या सुगीनंतर तिला वसतिगृहात सोडायला मी एकटाच गेलो होतो. सुमन निघताना दारात आली नाही. एस.टी.त सुजाता खिडकीशी बसली होती, नवा फ्रॉक, उसवलेल्या दुमडीची रेघ अजून दिसत असलेला तो जुना पिशवीत. दुपारी पोचलो. तिथल्या बाई स्वच्छ पांढऱ्या साडीतल्या, कडक पण मायाळू. त्यांनी सुजाताला काट्यावर बसवलं, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, वहीत लिहिला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला पेन होतं.

"काय करता आपण?"

"सरकारी नोकरीत आहे. पदवीधर आहे."

"मग घरी जेवत नव्हती का हो ही?"

माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला. सुजाता काट्यावर बसल्या बसल्याच पटकन म्हणाली, "मला भातच आवडत नाय, बाई."

"इथे रोज भात असतो. आवडून घ्यायला लागेल. अंगात ताकद आली तरच लोखंडी पाय उचलता येईल. ताकद नाही, तर चालणं नाही. समजलं?"

सुजाताने मान हलवली. पण ती बाईंकडे बघत नव्हती. तिने मला खुणेने जवळ बोलावलं. मी वाकलो. कानाशी तोंड आणून तिने विचारलं, "बाबा, हितं जेवले तर चालंल ना?"

"चालेल," मी म्हणालो. "पोटभर जेव."

"नक्की?"

"नक्की."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. मुली आल्या, कुणी कुबड्यांवर, कुणी भिंतीला धरून, कुणी एकमेकींच्या खांद्यावर. दोघींनी सुजाताला मधे धरून नेलं आणि लांब पंगतीत बसवलं. बाई म्हणाल्या, आता निघा, पहिल्या दिवशी बापाने रेंगाळू नये. मी दारापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. वाढणारी बाई पातेलं घेऊन एका टोकाने येत होती. सुजाताने पहिला भात खाली मान घालून संपवला. बाई दुसऱ्यांदा आली. मला वाटलं सुजाता एकदा दाराकडे बघेल.

तिने बघितलं नाही. ताट दोन्ही हातांनी उचललं आणि पुढे केलं.